विद्युत इंधन पंप : बसवणूक, विद्युत जोडणी आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
कार्ब्युरेटर असलेल्या बहुतेक जुन्या मोटारींमध्ये इंधन पंप इंजिनवरच बसविलेला असे व इंजिनच्या गतीवरच चालत असे. साहजिकच इंजिन थांबले की पंपही थांबत असे. अशा मोटारीची शक्ती वाढविली की हा यांत्रिक पंप अपुरा पडतो आणि त्याच्या जागी विद्युत पंप बसविला जातो. हा पंप इंजिनवर अवलंबून नसतो. हेच त्याचे सामर्थ्य आणि हाच त्याचा धोका होय. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी फॉर्म्युला एसएई धर्तीच्या स्पर्धांसाठी स्वतः मोटारी बांधतात. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी, मग ते कोणत्याही विषयाचे असोत, या पंपामागील तत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे. पंप किती जोमाने चालतो याइतकेच तो केव्हा थांबतो हेही महत्त्वाचे आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पंपाची जागा :
विद्युत पंप इंधन ढकलण्याचे काम उत्तम करतो, परंतु ओढण्याचे काम त्याला नीट जमत नाही. पंप टाकीपासून दूर किंवा उंचावर बसविल्यास शोषण नळीतील दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह खंडित होतो. म्हणून बाहेर बसवावयाचा पंप टाकीच्या जवळ आणि शक्यतो तिच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली असावा. मात्र तो गाडीचा सर्वांत खालचा भाग होऊ नये, अन्यथा रस्त्यावरील दगडाचा आघात त्यावरच होईल. एक्झॉस्ट पाइपपासून तो दूर असावा. कंपने सांगाड्यात पसरू नयेत म्हणून रबरी बुशांवर तो बसवावा. पंपाआधी जाड जाळीचा व पंपानंतर बारीक फिल्टर असावा, कारण बारीक फिल्टर आधी लावल्यास शोषणास अडथळा होतो.

पेट्रोलमध्ये बुडालेल्या विद्युत मोटरमुळे आग कशी लागत नाही, असा प्रश्न सहज पडतो. ज्वलनासाठी हवेतील पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे 1.4 ते 7.6 टक्के असावे लागते. पंपाच्या आत द्रव पेट्रोल असते, हवा नसते. हेच पेट्रोल मोटरला थंड ठेवते व वंगणही पुरविते. म्हणून पंप कोरडा चालविणे अहितकारक ठरते.

विद्युत जोडणी :
समजा, पंप 12 अँपिअर धारा घेतो आणि बॅटरीपासून त्याच्यापर्यंत 5 मीटर तांब्याची तार आहे. तारेचा छेद 1 चौरस मिलिमीटर असल्यास तिचा रोध सुमारे 0.086 ओहम होतो आणि तारेतच सुमारे 1 व्होल्ट खर्ची पडतो. छेद 2.5 चौरस मिलिमीटर असल्यास ही घट 0.4 व्होल्टवर येते. फरक किरकोळ वाटतो, परंतु विद्युतदाब घटला की पंपाचा प्रवाह घटतो. इंजिन पूर्ण भारावर असताना इंधन कमी पडले तर मिश्रण विरल होते, अनियंत्रित स्फोटक ज्वलन सुरू होते आणि पिस्टन निकामी होऊ शकतात. परतीच्या मार्गाचेही तसेच आहे. गंजलेल्या किंवा रंग लावलेल्या पत्र्यावर केलेले अर्थिंग जाड तारेचा लाभ वाया घालविते.

ही धारा इग्निशन स्विचमधून नेऊ नये. तेथे रिले वापरावा. स्विचची अल्प धारा रिलेच्या 86 व 85 या टोकांमधील वेटोळ्यातून जाते, तर बॅटरीची मुख्य धारा फ्यूजमधून 30 क्रमांकाच्या टोकावर येऊन 87 वरून पंपाकडे जाते. फ्यूज बॅटरीजवळ असावा, कारण त्याचे मुख्य कार्य तारेचे रक्षण करणे हे आहे. वरील उदाहरणात 15 अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल.

पंप थांबविण्याची व्यवस्था :
अपघातात इंजिन बंद पडले, इंधननळी तुटली, पण इग्निशन चालूच राहिले, अशी कल्पना करावी. ताशी 255 लिटर क्षमतेचा पंप मिनिटाला 4 लिटरहून अधिक पेट्रोल तप्त इंजिनवर ओतू शकतो. आत अडकलेल्या चालकाच्या दृष्टीने हे प्राणघातक आहे.

यावर उपाय रिलेच्या वेटोळ्याच्या मार्गातच आहे. इग्निशनकडून येणारी तार प्रथम जडत्व स्विचमधून न्यावी. जोराचा धक्का बसताच तो मार्ग तोडतो. त्यापुढे इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच जोडावा, म्हणजे इंजिन थांबून दाब उतरताच पंपही थांबतो. इंजिन सुरू करताना हा दाब नसतो. त्यामुळे तेवढ्यापुरता स्टार्टरच्या मार्गाने पुरवठा मिळावा लागतो, व त्यासाठी तीन टोकांचा स्विच वापरतात. इंधन इंजेक्शनच्या मोटारींत हे काम नियंत्रक संगणक करतो. इग्निशन लावल्यावर तो पंप काही क्षणच चालवितो आणि इंजिन फिरत असल्याचा संकेत न मिळाल्यास बंद करतो. या रचनेचे मर्म असे की, वेटोळ्याच्या मार्गात कोठेही तार तुटली तरी पंप थांबतो; दोषाचा कल सुरक्षिततेकडे राहतो.

निष्कर्ष :
1. पंप टाकीजवळ, खालच्या पातळीवर, उष्णता व आघात यांपासून दूर असावा.
2. पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांमधील विद्युतदाब बॅटरीच्या दाबाशी ताडून पाहावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक तफावत असल्यास तार, सांधे व अर्थिंग तपासावे.
3. इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवावे. पंपाचा आवाज काही क्षणांत थांबला नाही, तर ती मोटार रस्त्यावर किंवा शर्यतीत नेण्यास योग्य नाही.

तिसऱ्या चाचणीला एक मिनिटही लागत नाही. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या मोटारीस संमती देण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकाने ती स्वतः, आपल्या कानांनी करून पाहावी.