पेननं लिहिलेला अंदाज

सातवीच्या वर्गातला माझा अंदाजाचा पहिला तास पार फसला. फळ्याची लांबी आधी अंदाजानं लिहा, मग टेपनं मोजा, एवढंच सांगितलं होतं. वह्या तपासल्या तर झाडून सगळ्यांचा अंदाज २ मीटर ४३ सेंटिमीटर! पोरांनी आधी टेप लावली, मग अंदाजाचा रकाना भरला. कुणीतरी आधी ‘३ मीटर’ लिहिलेलं खोडरबरामागून पुसट दिसत होतं. त्यांचं काय चुकलं? चुकलेल्या आकड्यावर लाल फुली मारण्यातच माझी पंधरा वर्षं गेलेली.

तेव्हापासून अंदाज पेननंच लिहायचा आणि तोवर टेप माझ्या कपाटात, कुलपाआड.

आतली गोष्ट म्हणजे वर्गातला प्रत्येक प्रयोग मी आधी स्टाफरूममध्ये करून बघतो. एकदा टेबलावर उंच, निमुळती बाटली आणि पसरट पातेलं ठेवलं. पाणी जास्त कशात मावेल? भूगोलाच्या बाई सोडल्या तर सगळ्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. मावत होतं दोन्हींत लिटरभरच. दुसऱ्या दिवशी मुलंही तिथंच घसरली. (स्टाफरूमचा निकाल मी अर्थातच फोडला नाही.)

वजनाच्या तासाला मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीनं चकित केलं. दशांश अपूर्णांक बघितले की तिच्या पोटात गोळा येतो. अर्धवट भरलेली बादली तिनं उचलली, जरा हेलकावली. “सात किलोच्या वर, आठच्या आत.” काट्यावर ७ किलो २०० ग्रॅम.

“कसं ओळखलंस गं?”

“रोज दोन हंडे आणते की, सर.”

लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हे वाक्य बाकीच्यांनी पाठ केलं होतं. तिच्या मनगटाला ते ठाऊक होतं.

क्रिकेटच्या पिचनं मात्र माझ्याशी वैर घेतलं. पिच २२ यार्डांचं, म्हणजे २०.१२ मीटर. आमची मुलं मैदानात २२ पावलं टाकून ते आखायची. एके दिवशी टेप लावली, तर जेमतेम साडेचौदा मीटर. सगळे गप्प. मग विकेटकीपर म्हणाला, “तरीच आपल्यात सगळेच फास्ट बॉलर!”

आता ती ३१ पावलं टाकतात. पहिल्याच दिवशी निम्म्यांचे चेंडू दोन-दोन टप्पे खात स्टंपपर्यंत पोचले. त्याबद्दल बॉलर मंडळींनी मला अजून माफ केलेलं नाही.