गाठायचं असेल तर ब्रेक मारा

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपूरहून इच्छापूरच्या रस्त्यानं पुढे निघालेला केळीचा ट्रक गाठायचा, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा लागतो. त्याच शाहपूरच्या आकाशातून अधूनमधून तेजस्वी ठिपक्यासारखं सरकत जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक गाठायला मात्र ही युक्ती उपयोगाची नाही.

जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेम्स मॅकडिव्हिट यांना ते कळलं. जेमिनी-४ यानातून त्यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याकडे सरळ झेप घेतली. टप्पा लांबच जात राहिला, इंधन उडालं आणि शेवटी नाद सोडावा लागला.

घोळ कक्षेचा आहे. वेग वाढवला की यान वर चढतं; वरची वाट लांबची आणि तिथली चाल मंद. २०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीप्रदक्षिणेला सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटं लागतात, ४०० किलोमीटरवर साडेब्याण्णव. म्हणून मागच्यानं खालच्या कक्षेत राहायचं, तिथून अंतर कापायचं आणि नेमक्या क्षणी इंजिन पेटवून वर यायचं. चंद्रावर उतरलेला दुसरा माणूस एवढीच ज्यांची ओळख सांगितली जाते, त्या बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली ती अशाच भेटीगाठींच्या गणितावर.

उड्डाणाची वेळही मनासारखी निवडता येत नाही. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली. फिरत्या पृथ्वीवरचा प्रक्षेपणतळ त्या कक्षेच्या प्रतलात येईल तेव्हाच निघायचं, कारण वर गेल्यावर प्रतल बदलणं इंधनाच्या हिशेबात भयंकर महाग. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी फ्लोरिडातून निघाले आणि सुमारे २८ तासांनी त्यांचं यान स्थानकाला जोडलं गेलं. कक्षेत पोचायला त्यांना जेमतेम दहा मिनिटं लागली. बाकीचा वेळ पाठलागाचा.

इस्रोनं हा पाठलाग स्वतःच्या दोन उपग्रहांवर करून पाहिला. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० नं स्पेडेक्स मोहिमेचे सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह ४७५ किलोमीटरच्या कक्षेत सोडले. त्यांच्यातलं अंतर वाढू दिलं, मग ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर असं टप्प्याटप्प्यानं कमी केलं. जोडणी दोनदा पुढे ढकलावी लागली. अखेर १६ जानेवारी २०२५ रोजी दोघे जुळले. रशिया, अमेरिका आणि चीननंतर हे करून दाखवणारा भारत चौथा देश ठरला. चंद्रावरची माती आणायला निघणाऱ्या चांद्रयान-४ ला हीच जोडणी चंद्राभोवती करावी लागणार आहे.