लाकूड कोरणारा भुंगा व तागाचें बीं

सातारा-सांगलीकडील कृष्णाकांठच्या गांवांत गोठ्याच्या वाशाखालीं भुशाची लहानशी रास दिसली, कीं घरधनी "कीड लागली" म्हणून रॉकेलची चिंधी शोधूं लागतो. वर पाहावें तों बोट जाईल एवढें वाटोळें भोंक, व त्यांतून काळा, निळसर पंखांचा भुंगा बाहेर पडतो. ही वस्तुतः माशीच. मधमाशीच्या भावकीची, परंतु पोळें, राणी, कामकरी असा पसारा तिला नाहीं. मादी बहुधा एकटीच संसार मांडते.

वाळलेलें लाकूड किंवा कळक ती जबड्यांनीं कोरते. लाकूड खात नाहीं. भुसा बाहेर लोटते. बोगद्याच्या टोकाशीं पराग व मधुरस यांचा गोळा ठेवून त्यावर एकच अंडें घालते, आणि भुशाचा पडदा बांधून खोली बंद करते. मग पुढची खोली. अंडीं मोजकींच, पण कीटकवर्गांत सर्वांत मोठ्या अंड्यांत त्यांची गणना होते. म्हणून एक घर जाळलें तरी नुकसान लवकर भरून येत नाहीं. तोंडासमोर घोंघावणारा बहुधा नर असतो; त्यास नांगीच नाहीं.

आमची उमर दप्तरांत गेली. पीकपाहणीच्या कागदांत या प्राण्यास रकाना नाहीं. असता तर तो तागापुढें भरावा लागला असता. हिरवळीच्या खतासाठीं ताग गाडतात तेथें भुंग्याचें काम नाहीं. बियाण्यासाठीं राखलेल्या पट्ट्यांत मात्र आहे. तागाच्या फुलांत केसर मिटलेल्या पाकळ्यांच्या होडींत दडलेले असतात. दांडगी माशी बसून ती दबली, तरच पराग वर येतो. शिवाय स्त्रीकेसराचें टोक घांसलें गेल्याखेरीज त्याच फुलाचा पराग लागू पडत नाहीं. हलक्या मधमाशीस हें जड जातें. भुंगा व पानें कातरणारी एकांडी माशी हेच येथले खरे मजूर. फुलोरा भरपूर आणि शेंगा विरळ दिसल्या, तर बांधावरचीं वाळकीं लाकडें कोणीं उचललीं तें आधीं विचारावें.

भीमाशंकरच्या रानांत याच कुळांतील एक माशी अमावास्येच्या रात्रींही उडते, आणि केवळ ताऱ्यांच्या उजेडांत रंग ओळखते, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

तुळई मोलाची असल्यास तिला डांबर किंवा रंग द्यावा; रंगविलेल्या लाकडास मादी सहसा शिवत नाहीं. भोंक बुजविणें तें पिलें उडून गेल्यावर. मोबदल्यांत गोठ्यामागें, पाऊस लागणार नाहीं अशा जागीं, एका तोंडानें उघड्या वाळक्या कळकांची मोळी आडवी बांधावी. ताग फुलांत असतां शेजारच्या पिकावरील औषधाचा फवारा त्यावर जाऊं देऊं नये.