लॅपटॉप ८००च का दाखवतो?

मंडळी, लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणायचा आणि त्यावर लिनक्स चढवायचं, हे आपल्यापैकी अनेकांनी केलंय. परवा परळचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला, चांगलाच चिडलेला. विकत घेतला इंटेल कोअर आय-५, ४३००एम, म्हणजे २.६० गिगाहर्ट्‌झचा, लिनक्स दाखवतंय ८०० मेगाहर्ट्‌झ. ‘फसवलं मला!’ परत करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

आम्ही म्हटलं, थांब जरा. त्याने ‘प्रॉक’मधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल पाहिली होती. तिथे मॉडेलच्या नावात येतो तो कारखान्याचा आकडा, २.६०. खालच्या मेगाहर्ट्‌झच्या ओळीत असतो या क्षणाचा वेग. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला वेग उतरवतो. लालबागच्या सिग्नलला उभ्या टॅक्सीचा काटा शून्यावर असतो, म्हणून इंजिन गेलं असं आपण म्हणतो का?

पूर्वी मात्र खरोखर घोटाळा व्हायचा. २००० साली इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम-३मध्ये स्पीडस्टेप आणलं. तेव्हाचं लिनक्स वेग मोजायचं ते फक्त सुरू होताना. बॅटरीवर सुरू केलं की कमी आकडा, नंतर चार्जर लावला तरी तोच! २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये बदलता वेग सांभाळायची सोय मिळाली.

मग खरं कसं कळणार? काम देऊन बघायचं. एका टर्मिनलमध्ये ‘येस’ चालवून त्याचं आउटपुट ‘डेव्ह-नल’मध्ये ढकललं, दुसऱ्यात आकडे बघत बसलो. ‘एलएससीपीयू’ कमाल ३३०० सांगत होतं, पण काटा ८००वरून हलेना. आता आमचाही चेहरा पडला.

गव्हर्नर बघितला: ‘पॉवरसेव्ह’. नावाने घाबरू नका, इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये याच नावाखाली गरजेप्रमाणे वेग वाढतो. मग लक्ष गेलं चार्जरकडे. तो मित्राचा होता, लॅपटॉपसोबतचा घरी राहिलेला! चार्जर ओळखता आला नाही की काही लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम खालच्या वेगावर बांधून ठेवतात, आणि तिथे लिनक्सच्या गव्हर्नरचं काही चालत नाही. आम्ही पिन काढली. बॅटरीवर आकडा ३२००च्या वर गेला.

रात्री घरचा चार्जर लावून त्याने पुन्हा तपासलं. आकडा तसाच वर. लॅपटॉप परत गेला नाही.