एकमितीय संहतीतील विरल कण

महाडच्या चवदार तळ्याचे नाव 20 मार्च 1927 पासून पदार्थविज्ञानाहून कितीतरी मोठ्या कारणासाठी घेतले जाते; येथे त्याच्या पाण्याचा उल्लेख केवळ उदाहरणापुरता आहे. त्या पाण्यातील एखादा रेणू शेजारच्या रेणूला वळसा घालून पुढे जाऊ शकतो. उलट, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात संथ मालमोटारीमागे अडकलेली वाहने ज्या क्रमाने चढणीस लागतात त्याच क्रमाने माथा गाठतात. परस्परांना ओलांडू न शकणाऱ्या कणांच्या एकमितीय संहतीचे पहिले लक्षण हेच होय.

या निर्बंधाचे परिणाम दूरवर पोचतात. मुक्त विसरणात कणाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते. अशा रांगेतील कणाच्या बाबतीत मात्र ती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मुस्तनसिर बर्मा व दीपक धर यांनी 1994 मध्ये रेषेवर तीन-तीनच्या गटाने बसणाऱ्या व उठणाऱ्या कणांचा विचार केला. भरलेल्या व रिकाम्या जागांची चिन्हे ओळीने लिहावीत आणि लागोपाठ आलेली तीन समान चिन्हे पुनःपुन्हा खोडीत जावे. शेवटी उरणारी माला काळानुसार बदलत नाही. क्रमाची स्मृती संहतीत अशी टिकून राहते आणि ती समतोलाकडे फार मंदपणे जाते.

घाटाची उपमा मात्र येथेच सोडावी लागते. वाहने तुरळक असली की प्रत्येक चालक आपल्या मर्जीने जातो. त्यावरून ‘विरल म्हणजे स्वतंत्र’ असा समज विद्यार्थी करून घेतात. पुंजयामिकीत, एका मितीत, नेमके उलट घडते. केवळ स्पर्शाने परस्परांस प्रतिसारणारे बोसॉन घ्या. त्यांना एकमेकांपासून दूर राखण्यास लागणारी गतिज ऊर्जा, दर कणामागे, घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अन्योन्यक्रियेची ऊर्जा केवळ घनतेच्या प्रमाणात. घनता निम्मी केली तर पहिली चतुर्थांश होते, दुसरी निम्मीच. म्हणजे कण जितके विरळ, तितका प्रतिसारणाचा वरचष्मा अधिक. तीन मितींत गतिज ऊर्जा घनतेच्या दोन-तृतीयांश घाताने बदलते, म्हणून तेथे विरलता अन्योन्यक्रियेला दुर्बल करते. सारा फरक या घातांकाचा आहे.

विरलतेच्या सीमेवर बोसॉन एकमेकांस पूर्णपणे टाळतात. मार्विन जिरार्डो यांनी 1960 मध्ये दाखविले की त्यांचे तरंगफलन हे मुक्त फर्मिऑनांच्या तरंगफलनाचे निरपेक्ष मूल्य होय. स्थानांचे वितरण त्यामुळे फर्मिऑनांसारखेच येते, संवेगांचे मात्र नाही; हा भेद परीक्षेत हमखास विसरला जातो. 2004 मध्ये प्रकाशाच्या अरुंद नळ्यांत कोंडलेल्या रुबिडियम अणूंवर ही अवस्था प्रत्यक्ष पाहण्यात आली. 2006 च्या प्रयोगात तर अशा अणूंच्या हजारो टकरी होऊनही संहती समतोलास आली नाही.

इलेक्ट्रॉनांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे प्रतिसारण लांब पल्ल्याचे असल्यामुळे विरल अवस्थेत ते समान अंतरावर बसू पाहतात. यूजीन विग्नर यांनी 1934 मध्ये सुचविलेला हा स्फटिक तीन मितींतही संभवतो. रेषेवर मात्र ‘स्फटिक’ हा शब्द जपून वापरावा: पुंज-कंपनांमुळे अनंत लांबीवर खरी नियमितता टिकत नाही. शुल्झ यांच्या 1993 च्या गणिताप्रमाणे ती अंतरानुसार लोप पावते, पण अंतराच्या कोणत्याही घातापेक्षा मंदपणे. मर्यादित लांबीच्या नळीत हा लोप जाणवतही नाही. 2019 मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीतील मोजक्या इलेक्ट्रॉनांचे चित्रण झाले, तेव्हा ते एकामागोमाग एक, सुटे सुटे बसलेले आढळले.