झीज आणि नक्षी : काउंटर-स्ट्राइकच्या स्किन्सचे मोल

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या नेमबाजीच्या खेळात ‘आर्म्स डील’ नावाची सुधारणा आणली आणि खेळातील बंदुकांवर चढवायची रंगीत आवरणे, म्हणजे स्किन्स, खेळाडूंच्या हाती प्रथमच आली. स्किनमुळे नेम सुधारत नाही, गोळीचा मारा वाढत नाही, हरणारा जिंकत नाही. ती केवळ दिसण्यासाठी असते. तरीही या दिखाऊ वस्तूंभोवती अब्जावधी डॉलरची बाजारपेठ उभी राहिली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आल्यावर जुन्या स्किन्स नव्या खेळात जशाच्या तशा उतरल्याने ती टिकूनही राहिली. या बाजारात एकाच नावाच्या, एकाच बंदुकीच्या दोन स्किन्सच्या किमतींत कधी दुपटीचा, कधी हजारपटीचा फरक पडतो, आणि त्या फरकाचा उगम बहुतेक वेळा दोन आकड्यांत असतो.

पेटी उघडून, सामन्याअखेरीस बक्षीस म्हणून किंवा अदलाबदलीच्या करारातून स्किन निर्माण होते, त्या क्षणी तिला हे दोन आकडे चिकटतात. पहिला आकडा झिजेचा. तो शून्य ते एक यांच्या दरम्यानचा दशांश अपूर्णांक असून खेळाडूंच्या बोलण्यात त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. दुसरा नक्षीचा, तो शून्य ते हजार यांच्या टप्प्यातील पूर्णांक असून त्याला ‘पॅटर्न’ किंवा ‘सीड’ असे नाव आहे. हे दोन्ही आकडे पुढे कधीही बदलत नाहीत. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या शिवराईवरची झीज ही तिच्या प्रवासाची नोंद असते. काउंटर-स्ट्राइकमधील बंदूक मात्र जन्मतःच झिजलेली येते आणि दहा वर्षे रोज वापरली तरी तिच्यावर एक ओरखडाही वाढत नाही. स्टॅटट्रॅक नावाच्या प्रकारात बंदुकीवर टिपलेल्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या मोजणारे यंत्र बसवलेले असते. त्यावरील आकडा हजारोंच्या घरात गेला तरी रंग होता तसाच राहतो, ही गंमत नव्या खेळाडूच्या सहसा लक्षात येत नाही.

झिजेच्या अपूर्णांकाचे व्हॉल्व्हने पाच पट्टे पाडले आहेत. ०.०७ पर्यंत ‘फॅक्टरी न्यू’, तेथून ०.१५ पर्यंत ‘मिनिमल वेअर’, ०.३८ पर्यंत ‘फील्ड-टेस्टेड’, ०.४५ पर्यंत ‘वेल-वॉर्न’ आणि त्यापुढे ‘बॅटल-स्कार्ड’. हे पट्टे सारख्या रुंदीचे नाहीत, आणि किंमत पट्ट्याच्या नावाला चिकटलेली असल्याने सीमेवर मोठी उडी दिसते: ०.०६९९ आणि ०.०७०१ या दोन स्किन्स शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण पहिलीच्या नावापुढे ‘फॅक्टरी न्यू’ लागते आणि दुसरीच्या नाही. येथे ग्राहक रंगाला नव्हे तर पाटीला पैसे मोजतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. याउलट एकाच पट्ट्याच्या आत दिसणारा फरक पुष्कळ असू शकतो, ०.१६ ची फील्ड-टेस्टेड बंदूक जवळपास नवी वाटते, तर ०.३७ ची कडांवरून सोललेली असते, आणि अनुभवी खरेदीदार याच तफावतीत स्वस्त सौदे शोधतात.

प्रत्येक स्किनला शून्य ते एक हा संपूर्ण पल्ला मिळतोच असे नाही, आणि खरी दुर्मीळता पुष्कळदा या मर्यादांतून जन्मते. ‘एडब्ल्यूपी’ या दूर पल्ल्याच्या बंदुकीवरील ‘असीमोव्ह’ या पांढऱ्या-नारिंगी स्किनची झीज ०.१८ पासून सुरू होते; त्यामुळे तिची नवीकोरी प्रत अस्तित्वातच येऊ शकत नाही. सुऱ्यांवरील ‘क्रिमझन वेब’ ही त्याहून बोलकी आहे. लाल पात्यावर काळ्या कोळ्याच्या जाळ्यांची ही नक्षी ०.०६ ते ०.८० या पल्ल्यात बांधलेली आहे, म्हणजे ०.७४ इतक्या रुंद पल्ल्यापैकी केवळ ०.०१ एवढी फट ‘फॅक्टरी न्यू’च्या वाट्याला येते. त्यातही जाळे पात्याच्या मधोमध पूर्ण उमटले आहे की कडेला अर्धवट कापले गेले आहे, हे नक्षीच्या आकड्यावर ठरत असल्याने झीज आणि नक्षी दोन्ही मनासारख्या जुळलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात.

झीज नेहमी मोल घटवतेच असेही नाही. असीमोव्हवरील रंग पुरेसा झिजला की दुर्बिणीचा भाग जवळजवळ पूर्ण काळा पडतो. खेळाडूंनी अशा प्रतींना ‘ब्लॅकीमोव्ह’ असे नाव ठेवले आणि सर्वात खालच्या पट्ट्यातील या सर्वात झिजलेल्या प्रतींना आपल्याच पट्ट्यातील इतरांपेक्षा अधिक भाव मिळू लागला. झिजेचा आकडा जितका एकाच्या जवळ, तितका संग्राहक खूश, असा हा उलटा हिशेब आहे. कंपनीने पट्ट्यांची नावे दिली खरी, पण पट्ट्यांच्या आत काय मौल्यवान मानायचे हे गिऱ्हाइकांनीच ठरवले.

नक्षीच्या बाबतीत गिऱ्हाइकांचा हा अधिकार जवळजवळ निरंकुश आहे. अनेक स्किन्सच्या रंगकामासाठी एक मोठे चित्र तयार केलेले असते आणि बंदुकीवर त्याचा कोणता भाग, कोठे सरकवून व किती वळवून चढवायचा हे सीड ठरवतो. साध्या लष्करी ठिपक्यांच्या नक्षीत त्यामुळे काहीच बिघडत नाही, कारण कोणताही तुकडा दुसऱ्यासारखाच असतो. पण चित्रात रंगांची मोठी, विषम ठिगळे असतील तर प्रत्येक तुकडा वेगळा निघतो. ‘फेड’ या जांभळ्या-गुलाबी-पिवळ्या छटांच्या स्किनमध्ये पात्यावर छटांचा किती विस्तार उतरला याचे संग्राहकांनी साधारण ८० ते १०० टक्के असे मोजमाप बसवले आहे, आणि शंभर टक्क्यांच्या प्रतीसाठी वेगळा दर मागितला जातो.

मात्र या विषयाचे सर्वात समृद्ध उदाहरण ‘केस हार्डन्ड’ या स्किनचे आहे. तिच्यामागे एक खरी धातुप्रक्रिया आहे: कमी कार्बनचे पोलाद हाडांच्या व लाकडाच्या कोळशात बंद करून तापवतात आणि मग एकदम पाण्यात बुडवतात, त्यामुळे पृष्ठभाग कार्बन शोषून कठीण होतो आणि त्यावरच्या अतिशय पातळ थरामुळे निळ्या, जांभळ्या व गवती रंगांचे ढग उमटतात. जुन्या बंदुकांवर हे ढग कसे येतील ते कारागिरालाही पूर्णपणे सांगता येत नसे. व्हॉल्व्हच्या चित्रकारांनी तेच ढग एका चित्रात उतरवले, आणि त्या चित्रात निळा रंग सोनेरी व राखाडीच्या तुलनेत कमी असल्याने काही थोड्या सीडांमध्येच बंदुकीचा दर्शनी भाग निळ्याने भरून जातो. अशा प्रतीला ‘ब्लू जेम’ म्हणतात. खेळाच्या नियमांत किंवा स्किनच्या नावात हा शब्द कोठेही नाही. खेळाच्या दृष्टीने सीड ६६१ आणि सीड ६६२ यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. तरीही एके-४७ वरचा ६६१ हा सर्वांत प्रतिष्ठित आकडा मानला जातो, कारण खेळताना पडद्यावर दिसणारी बंदुकीची बाजू त्यात जवळजवळ सगळी निळी असते. त्याच्या पाठोपाठ ६७०, ९५५ असे आकडे येतात, आणि त्यांची क्रमवारी लावताना वरचे झाकण, मॅगझिन, मागची बाजू यांवर निळा किती याचा काथ्याकूट होतो. दर्शनी बाजूला अधिक वजन का, तर विकत घेणाऱ्याला तीच दिसते. प्रत्येक शस्त्राचा आकार वेगळा असल्याने हे आकडे एका शस्त्रावरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत: वाकड्या पात्याच्या करम्बिट सुऱ्यासाठी ३८७, तर फाइव्ह-सेव्हन पिस्तुलासाठी २७८. २०२४ मध्ये ६६१ ची एक स्टॅटट्रॅक एके-४७ दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेल्याच्या बातम्या झळकल्या. हा सौदा खासगी होता, त्यामुळे आकडा बातम्यांच्या भरवशावरच घ्यावा लागतो. त्याच नावाची साधी प्रत तेव्हा काहीशे डॉलरमध्ये मिळत होती.

असे सौदे खासगीत होण्याचे कारण व्यवस्थेतच आहे. स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन मंचाच्या अधिकृत बाजारात एका वस्तूच्या किमतीवर आधी १,८०० आणि पुढे २,००० डॉलरची कमाल मर्यादा राहिली, काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंच्या विक्रीवर १५ टक्के शुल्क कापले जाते आणि मिळालेले पैसे स्टीमच्या खात्यातच अडकून पडतात. शिवाय त्या बाजारातील भावाचा आलेख स्किन आणि पट्टा एवढ्यापुरताच असतो, सीडसाठी वेगळा नसतो. म्हणून दुर्मीळ नक्षीचा व्यवहार बाहेरच्या संकेतस्थळांवर आणि दलालांमार्फत चालतो, आणि तेथे फसवणुकीलाही भरपूर वाव असतो. जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टन येथील स्पर्धेतील एका खेळाडूची सही असलेली ‘ड्रॅगन लोर’ ही स्मरणिका-बंदूक सुमारे ६१,००० डॉलरला विकली गेली. तिच्या बाबतीत भाव वाढवणारी गोष्ट नक्षी नव्हती, ज्या सामन्यातून ती आली तो होता.

झीज आणि नक्षी यांत एक मूलभूत भेद मात्र नीट पारखून घेतला पाहिजे. झीज बनवून घेता येते. नक्षी येत नाही. दुर्मीळतेच्या एकाच श्रेणीतील दहा स्किन्स देऊन वरच्या श्रेणीची एक घेण्याचा ‘ट्रेड-अप’ करार खेळात बऱ्याच काळापासून आहे, आणि त्यात मिळणाऱ्या स्किनची झीज दिलेल्या स्किन्सच्या झिजेच्या सरासरीवरून काढली जाते. त्यामुळे अत्यल्प झिजेच्या स्वस्त स्किन्स वेचून गोळा करणारे आणि त्यांतून ०.००० च्या घरातील प्रती घडवणारे लोक या बाजारात आहेत. सीड मात्र प्रत्येक वेळी नव्याने, यदृच्छेने पडतो. २०१७ मध्ये चीनमधील कायद्यामुळे तेथील वितरक परफेक्ट वर्ल्डला पेट्यांतील शक्यता जाहीर कराव्या लागल्या, आणि सुरा किंवा तत्सम विशेष वस्तू मिळण्याची शक्यता ०.२६ टक्के असल्याचे दिसले; म्हणजे सुमारे ३८५ पेट्यांमागे एक. त्या सुऱ्यावर ठरावीक सीड येण्याची शक्यता आणखी हजारात एकाच्या आसपास. दोन्ही मिळून सुमारे ३ लाख ८५ हजारांत एक, आणि सुऱ्याचा प्रकार व स्किन यांचा विचार अजून यात धरलेलाच नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने याच करारात बदल करून पाच ‘कव्हर्ट’ म्हणजे लाल श्रेणीच्या स्किन्सच्या बदल्यात सुरा किंवा हातमोजे मिळण्याची सोय केली. लाल स्किन्सचे भाव उसळले, सुऱ्यांचे कोसळले, आणि बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या संकेतस्थळांच्या मते सुमारे सहा अब्ज डॉलरच्या एकूण मूल्यातून जवळपास दोन अब्ज अल्पावधीत ओसरले. सुरा आता केवळ पेटीच्या नशिबावर अवलंबून राहिला नाही आणि त्याची झीजही निविष्टी निवडून बरीचशी आटोक्यात आणता येते, म्हणून केवळ ‘फॅक्टरी न्यू’ या पाटीवर उभी असलेली सुऱ्यांची किंमत या बदलापुढे सर्वाधिक उघडी पडली. करारातून करम्बिट केस हार्डन्ड निघालीच, तरी तिच्यावर ३८७ येण्याची शक्यता पूर्वीइतकीच क्षीण राहते.