जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायचं का?

दीड लाख किलोमीटर पळालेली ऑटोमॅटिक गाडी सेकंडहँड घेतली, की एखादा गॅरेजवाला सांगतोच: “गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका, बंद पडेल.” हे अर्धंच खरं. क्लच प्लेटा आधीच झिजून घसरत असतील, तर नवं ऑइल त्यांना वाचवत नाही. पण गिअर नीट पडत असतील तर बदला. (एएमटीवाल्यांनो, तुमचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच, हे तुमच्यासाठी नाही.) फक्त मशीनने प्रेशर फ्लश नको, सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. ड्रेन प्लग उघडला तरी बरंचसं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून निघालं तेवढं मोजून भरा, हजारेक किलोमीटर चालवा, मग परत तेच. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, “चालतंय हो” वालं नाही.